सोलापूरच्या माळावरचा एलियन किती खरा दिसावा?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या चौघा मित्रांनी विनोदी चित्रपटाची गोष्ट लिहिली आहे. यंत्रमाग बंद पडून कर्जात गेलेले दोन मावसभाऊ मंगळवेढ्याकडच्या माळावर एलियनचं प्रेत सापडल्याचा खोटा व्हिडिओ करतात, तो हाताबाहेर जातो आणि भानगड गळ्याशी येते. त्यांनी विचारलंय की एलियन किती खरा दिसला पाहिजे, गावातल्या माणसांची टिंगल न करता विनोद कसा काढायचा, आणि प्रसिद्धीसाठी तो व्हिडिओ आधीच 'खरा' म्हणून सोडून द्यावा का.

मी रंगभूषा आणि प्रॉपर्टी, म्हणजे नाटक-चित्रपटांत लागणाऱ्या वस्तू, करतो. हौशी नाटकं, गणपतीचे हलते देखावे, लघुपट, अधूनमधून मुंबईच्या मालिका. त्यामुळे पटकथेची शास्त्रीय चर्चा माझ्याकडून अपेक्षू नका. मी हाताने करायच्या कामाच्या बाजूने बोलणार, आणि माझ्या मते तुमच्या गोष्टीतला विनोदही तिथेच पडलाय. खोटा पुरावा तयार करणं ही चिक्कार मेहनत आहे. फसवणाऱ्यांना खऱ्या कामापेक्षा जास्त राबावं लागतं, हे जितकं दाखवाल तितका हशा मिळेल.

जगातली सगळ्यात गाजलेली एलियन-बनवाबनवी तुम्ही वाचली असेलच, पण तिचे तपशील पुन्हा नीट बघा. लंडनच्या रे सँटिलीने १९९५ साली एक कृष्णधवल फिल्म बाहेर काढली. १९४७ साली अमेरिकेत रॉसवेलजवळ पडलेल्या यानातल्या परग्रहवासीयाचं हे शवविच्छेदन, लष्कराच्या एका निवृत्त कॅमेरामनकडून ती विकत घेतली, असा त्याचा दावा. २८ ऑगस्ट १९९५ला अमेरिकेत फॉक्स वाहिनीने ती दाखवली आणि जगभर बोभाटा झाला. पुढे २००६ मध्ये सँटिलीने कबूल केलं की फिल्म नव्याने शूट केलेली आहे. तरी माणूस गडी भारी. म्हणाला, हे खोटं नाही, 'जीर्णोद्धार' आहे; मूळ फिल्म खरी होती पण खराब झाली होती, म्हणून आम्ही ती परत तयार केली. त्याच वर्षी या प्रकरणावर 'एलियन ऑटोप्सी' नावाचा ब्रिटिश विनोदी चित्रपट आला. त्यात अँट आणि डेक ही तिकडची टीव्हीवरची लोकप्रिय जोडी होती.

आता कामाचा भाग बघा. जॉन हम्फ्रीज नावाच्या शिल्पकाराने तीन आठवड्यांत दोन पुतळे केले. आत भरलं काय? जॅममध्ये घट्ट केलेला मेंढीचा भेजा, कोंबडीची आतडी आणि मांसबाजारातून आणलेले हाडांचे सांधे. कॅमडेन भागातल्या एका रिकाम्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात सेट लावला. शवविच्छेदन करणारा मुख्य डॉक्टर कोण झाला, तर शिल्पकार स्वतःच, कारण आत काय कुठे भरलंय आणि काय कधी हलवायचं हे दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. शूटिंग संपल्यावर पुतळ्यांचे तुकडे करून ते लंडनभरच्या कचरापेट्यांत टाकले.

यात एकही विनोद लिहिलेला नाही, तरी हसू येतं की नाही? तुमच्या दोन भावांपैकी एकाने सकाळी सकाळी मटणाच्या दुकानात जाऊन भेजा, वजडी आणि गुडघ्याचे सांधे मागितले, की कसाई पहिलं काय विचारेल? "किती माणसं हायत जेवायला?" आणि बिचाऱ्याला एलियनच्या मापाचा हिशोब जेवणाऱ्या माणसांत सांगावा लागेल. हा प्रसंग पाच मिनिटं चालू द्या. घाई करू नका.

एलियन किती खरा दिसावा या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणजे दोन एलियन करा. एक मोबाइलच्या व्हिडिओत चाळीस सेकंद टिकेल असा. दुसरा, तोच, पण भर दिवसा खोलीत ठेवल्यावर सरळसरळ शाडू-लॅटेक्सचं (लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक) बाहुलं वाटेल असा. प्रेक्षकाने दुसरा आधी पाहिला पाहिजे. तो तयार होताना, त्याची बोटं चिकटवताना, त्याचं डोकं मानेपेक्षा जड होऊन दर वेळी डावीकडे कलंडताना. मग तोच पुतळा व्हिडिओत लोकांना खरा वाटतो, तेव्हा मजा येते. प्रेक्षकालाही शेवटपर्यंत फसवत ठेवलंत तर तो रहस्यपट झाला, विनोदी नाही.

करायचा कसा, हे जरा सविस्तर सांगतो, कारण हेच पुढे पडद्यावर दाखवायचंय. शाडूत मूर्ती घडवा. सोलापूरच्या हवेत शाडू बघता बघता सुकतो आणि तडकतो, तेव्हा काम थांबलं की ओलं फडकं गुंडाळायचं. (घरात जुने टॉवेल सापडतीलच, गाव कुठलं आहे!) त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा साचा. साचा पूर्ण सुकू द्या, मग आत पातळ लॅटेक्स ओता. कोरडं प्लॅस्टर लॅटेक्समधलं पाणी ओढून घेतं आणि भिंतीला कातडी धरते. उरलेलं ओतून काढा, परत थर द्या. थर पातळच हवेत. उन्हाळ्यात वरून पटकन सुकल्यासारखं वाटतं आणि जाड थर आतून ओलाच राहतो, मग साच्यातून काढताना फाटतो. काढण्याआधी आत टाल्कम पावडर भुरभुरा, नाहीतर लॅटेक्स स्वतःलाच असं चिकटतं की एलियनचा हात पोटाला कायमचा जोडला जातो. वाळल्यावर रंग गडद होतो, म्हणून रंग मिसळताना एक छटा फिकी ठेवा. ओल्या लॅटेक्सला अमोनियाचा वास येतो. शेजारीपाजारी विचारणार "कुणाचं काय कुजलंय?" हे तुमच्या गोष्टीत फुकटात मिळालेलं संकट आहे. तयार पुतळा उन्हात ठेवू नका, लॅटेक्स चिकट होऊन खराब होतं.

आतले अवयव. परदेशी व्हिडिओ पाहून मुलं जिलेटिन आणतात. जिलेटिन तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळायला लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्यामुळे एलियनचं काळीज पहिल्या शॉटला काळीज आणि तिसऱ्या शॉटला सरबत. चायना ग्रास वापरा, तेच ते मिठाईतलं. एकदा घट्ट झालं की आपल्या उन्हाला दाद देत नाही, वितळायला त्याला जवळजवळ उकळीची उष्णता लागते. तुटतं पटकन, पण तुम्हाला कापायचंच आहे. खरा भेजा सेटवर आणायच्या भानगडीत पडू नका. माश्या येतात, आणि एकदा आल्या की त्या एलियन सोडून नटांवर बसतात.

बोटांसाठी एक सुचवतो. १९९५च्या त्या पुतळ्याला सहा बोटं होती. तुमच्या भावांची एखादी मावशी किंवा अक्का घरी विड्या वळणारी असू द्या. पूर्व भागात असं घर शोधायला लागणार नाही. दोघं पोरं धडपडत बोटं लावतायत, ती पसरटच होतायत, आणि अक्का मांडीवरचं सूप बाजूला ठेवून सगळी बोटं एकसारखी वळून देते. वर म्हणते, सहा बोटं असली तर चांगलंच की, नशीबवान असतंय लेकरू. हे कशासाठी चाललंय हे तिने विचारू नये. ज्या घरात हजाराच्या हिशोबाने काम येतं तिथे बाई आधी किती नग ते विचारते.

आता पकडलं कसं जावं. इथे बहुतेक नवे लेखक पुण्याहून शास्त्रज्ञ आणतात, चष्मा लावलेला, जो दहा मिनिटं भाषण देतो. कृपा करून नको. सँटिलीच्या फिल्मवर सगळ्यात बोचरी शंका घेतली ती शवविच्छेदन करणाऱ्यांनीच. ह्यूस्टनच्या एका डॉक्टरने दाखवून दिलं की यातला माणूस कात्री शिंप्यासारखी धरतोय. शवविच्छेदन करणारा कात्रीच्या कडीत अंगठा आणि मधलं किंवा अनामिका बोट घालतो, तर्जनी पात्याला आधार म्हणून पुढे ठेवतो. मला हे वाचल्यापासून कुठल्याही चित्रपटातला डॉक्टर बघवत नाही. कॅमेऱ्याच्या जाणकारांनी बोट ठेवलं ते याच्यावर, की कॅमेरा जवळ गेला की नेमका फोकस जातो. म्हणजे ज्याचं त्याचं काम ज्याला त्याला दिसलं.

सोलापुरात तर अर्धं गाव कापडावर जगलं आहे. इथे युनिफॉर्म शिवणारे कारागीर आहेत, ते कात्री लगेच ओळखतील. त्याहून सोपं म्हणजे, तुमचे भाऊ एलियनला गुंडाळणार कशात? घरातल्या चादरीत. व्हिडिओ देशभर फिरतो, कुणी म्हणतं मंगळावरचा, कुणी म्हणतं चिनी हेर, आणि अशोक चौकाकडचा एक म्हातारा माग कामगार व्हिडिओ थांबवून, बोटांनी मोठा करून, एलियनकडे ढुंकूनही न बघता म्हणतो, "ही चादर आमच्या मागावरची हाय की बे. किनार बघ, धागा सुटलाय तिथं." त्याला परग्रहाशी घेणं नाही. ती चादर त्याने कुणाला दिली होती आणि तिचे पैसे अजून आले नाहीत, एवढंच त्याला आठवतंय. तुमच्या कर्जाच्या गोष्टीला तो धागा आपोआप जोडला जाईल.

टिंगलीचा प्रश्न इथेच निम्मा सुटतो. गावातली माणसं भोळी दाखवायची गरजच नाही. प्रत्येकाला आपापला हिशोब असतो. शेतात एलियन उतरल्याची खूण म्हणून पिकात गोल करायचा विचार तुमच्या मसुद्यात आहे. इंग्लंडमध्ये डग बाउअर आणि डेव्ह चॉर्ली या दोघा म्हाताऱ्यांनी १९९१ मध्ये कबूल केलं की फळी आणि दोरी घेऊन आपण वर्षानुवर्षं रात्री गव्हात असे गोल करत होतो. (बाउअरच्या बायकोला गाडीचे किलोमीटर बघून संशय आला होता की याचं बाहेर काही चाललंय. हा प्रसंग तुम्ही लिहिलात तर लोक म्हणतील अतिच झालं, पण तो खरा आहे.) तिथे गहू फळीखाली वाकला. तुम्ही मंगळवेढ्याच्या ज्वारीत जाणार, मालदांडीचं ताट पुरुषभर उंच आणि टणक. ते वाकत नाही, मोडतं, आवाज करत मोडतं. आणि सकाळी मालक आल्यावर आकाशाकडे बघणार नाही. तो मोडलेल्या ताटांकडे बघून पेंड्या मोजेल आणि विचारेल, कडब्याचे पैसे कोण देणार? उद्या टीव्हीवाले आले तरी तो त्यांना तेच विचारेल. या माणसाला मूर्ख ठरवायची कुणाची हिंमत आहे? प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहतो आणि हसतो.

सरकारी कामाचाही विसर पडू देऊ नका. प्रेत सापडलं म्हणजे पोलीस पाटलाला कळवणं आलं, पंचनामा आला, अकस्मात मृत्यूची नोंद आली. मयताचं नाव? वय अंदाजे? लिंग? अंगावरील कपडे? हवालदार प्रत्येक रकाना वाचून दाखवतो आणि भाऊ घाम पुसत उत्तरं देतात. शवविच्छेदन कुणी करायचं यावर सिव्हिल म्हणणार हा माणूस नाही, जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. तो म्हणणार हे माझ्या यादीतलं जनावर नाही. हा भाग मला तुमच्या मसुद्यात सापडलाच नाही, आणि माझ्या मते मध्यंतराआधीची सगळी गंमत इथेच आहे.

आणखी एक. आपल्याकडच्या लोकांना आभाळातून वस्तू पडायची सवय नाही असं समजू नका. हैदराबादला टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, बलून केंद्र आहे, तिथून प्लॅस्टिकच्या पातळ कापडाचे प्रचंड फुगे उपकरणं घेऊन तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर सोडतात. ती उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात, आणि वाऱ्यावर वाहत कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवरच्या जिल्ह्यांत उतरू शकतात. हात लावू नका, पोलिसांना कळवा, अशी सूचना आधी दिली जाते. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची विमानं सोलापुरातूनच ढगांत जाऊन कृत्रिम पावसाचे प्रयोग करत होती, पंखाखाली नळकांडी जाळत. २ एप्रिल २०२२च्या रात्री चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात मोठी धातूची कडी आणि गोळे पडले, ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं मानलं जातं. गंमत म्हणजे खुद्द रॉसवेलला १९४७ मध्ये जे पडलं तेही अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितल्याप्रमाणे एका गुप्त फुग्याचेच अवशेष होते, 'मोगल' नावाच्या प्रकल्पाचे. रशियाच्या अणुचाचण्यांचा आवाज उंच हवेत टिपायला ते फुगे सोडत. म्हणून तुमच्या गावातल्या सरपंचाने बाहुलं बघून पहिल्यांदा "हैदराबादचं हाय का हे?" असंच विचारायला हवं. भावांना त्याला पटवून द्यावं लागेल की नाही हो, हे खरंच एलियन आहे. फसवणाऱ्याला गयावया करावी लागते, हे लिहून ठेवा.

श्रद्धेवर विनोद करताना शहरालाही त्यात घ्या. सँटिलीची फिल्म अमेरिकेत दाखवली त्याच्या पुढच्याच महिन्यात, २१ सप्टेंबर १९९५ला, आपल्याकडे गणपती दूध पिऊ लागले. रांगेत शिकलेसवरलेले होते, बँकेतले होते. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे दगडावर ओढलं जातं हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पेपरात वाचलं, पण आदल्या दिवशी चमचा त्यांच्याच हातात होता.

आता शेवटचा प्रश्न, आणि इथे माझा सूर बदलेल. व्हिडिओ खरा म्हणून सोडायचा नाही. एक मिनिटसुद्धा नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवर फिरत होती, आणि जमावाने पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती, आणि त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. तुम्ही ज्या माळावर कॅमेरा लावणार आहात तिथून ती घरं लांब नाहीत. अनोळखी, वेगळं दिसणारं, रात्री फिरणारं कुणीतरी आलंय, असा व्हिडिओ त्याच भागात खोटेपणाने सोडायचा आणि मग पोस्टरवर हसरे चेहरे छापायचे, हे मला जमणार नाही. तुम्ही सोडणार असाल तर मी पुतळा करून देणार नाही. गुन्हा दाखल होईल, तंगडतोड होईल, ते वेगळंच.

चित्रपटातही हा धोका एकदा तरी समोर येऊ द्या. व्हिडिओमुळे गावात रात्री काठ्या घेऊन पहारे सुरू झालेत आणि एक वाट चुकलेला फिरस्ता त्यात सापडतो, असा एक प्रसंग. तिथे संगीत नको, कोटी नको. भावांनी तिथेच पुढे येऊन "आम्ही केलंय" म्हणावं आणि कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. कबुलीजबाब खोटा वाटतोय म्हटल्यावर त्यांना साचा, लॅटेक्सचा डबा, उरलेलं सहावं बोट सगळं आणून पुरावा द्यावा लागेल. एलियन खरा आहे हे सिद्ध करायला जितकी मेहनत केली त्याच्या दुप्पट तो खोटा आहे हे सिद्ध करायला. तिथून पुढे विनोद परत सुरू करता येतो.

या जागी अमेरिकेतली एक जुनी घटना उपयोगी पडेल. १९५३ मध्ये जॉर्जिया राज्यात दोन न्हावी आणि एक खाटीक यांनी पैज लावून एका मेलेल्या माकडाचे केस काढले, शेपूट तोडली आणि ते रस्त्यावर टाकून सांगितलं, आमच्या गाडीखाली परग्रहवासी आला. डॉक्टरांनी लगेच माकड ओळखलं. शिक्षा काय झाली, तर रस्त्यात अडथळा केल्याबद्दल चाळीस डॉलर दंड. माकड रस्त्यावर टाकलं म्हणून! फसवणुकीचं कलम लावायला कुणी गेलंच नाही. तुमच्या भावांनाही अशीच काहीतरी क्षुल्लक, पण कागदोपत्री पक्की शिक्षा होऊ द्या.

प्रसिद्धीच हवी असेल तर उलट करा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. लहानपणी जत्रेत आम्ही बोलतं मुंडकं बघायला तिकीट काढायचो. खाली आरसा लावलाय हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी रांग असायची. तसाच एक स्टॉल घ्या, वर मोठ्या अक्षरांत लिहा 'लॅटेक्सचा एलियन, सोलापुरात बनवलेला', आणि आत अक्काचं काम करणाऱ्या बाईंना बोटं वळायला बसवा. लोक स्वतःच फोटो काढतील, तुम्हाला व्हायरल करावं लागणार नाही. स्टॉलच्या परवानगीसाठी अर्ज आधीच करा, ऐन यात्रेत कुणाला वेळ नसतो.

शूटिंगही डिसेंबर-जानेवारीतच धरा. रब्बीची ज्वारी उभी असते, हवा गार असल्याने लॅटेक्स आणि नट दोन्ही टिकतात, युनिटला हुरडा मिळतो. फेब्रुवारी उलटला की काढणी सुरू होईल आणि तुमचा गोल करायला पीकच उरणार नाही. ज्या पट्ट्यात ताटं मोडणार आहात त्या कडब्याचे पैसे मालकाला शूटिंगच्या आदल्या दिवशी रोख द्या, पावती घ्या, आणि एकच टेक मिळणार आहे हे कॅमेरामनला सांगून ठेवा.